शिकलगारांचं परडं

"बाई, काय पण करा, फक्त परड्यात जाऊ नका."

नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकलगार माझ्याशी बोलले ते एवढंच. ना नाव विचारलं, ना गाव. मी खिडकीतून मागे पाहिलं. आमचा कारखाना उद्यमनगरात, तिथे परडं कसलं आलंय! लेथचा किस पडलेला, एक नळ, सायकली लावायची पत्र्याची शेड आणि शेडवर झोपलेलं मांजर. मला वाटलं, मागे साप-बीप निघाला असेल. म्हणून मी मुकाट्यानं आठ दिवस डबा खाऊन झाल्यावर हात धुवायला शेजारच्या वर्कशॉपात जात होते. नवव्या दिवशी शिकलगारांनीच विचारलं, "बाई, आपला नळ सोडून तिकडं कशाला जाता?" मी कारण सांगितलं. ते इतके हसले की चष्मा काढून टेबलावर ठेवावा लागला. मग दिवसभर जो भेटेल त्याला सांगत सुटले. मी चिडले, पण मी चिडले की ते आणखी हसत.

परडं म्हणजे त्यांच्या कंपायलरचा मागचा भाग.

हे जरा सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ऐंशी साल उलटून सात-आठ वर्षं झाली होती. आमच्या कारखान्यात यंत्रांवर बसवायच्या पेट्या तयार व्हायच्या. अमुक तापलं की थांब, तमुक लांबी झाली की थांब, असलं काम करणाऱ्या. पेटीत एक चिप असे आणि तिला आकड्यांशिवाय काही कळत नसे. ते आकडे लिहिता येणारा माणूस कारखान्यात एकच, दस्तगीर शिकलगार. गिऱ्हाइकानं बारीकसा बदल सांगितला तरी सगळे शिकलगारांच्या टेबलाशी रांग लावून उभे. त्याचा त्यांना कंटाळा आला आणि त्यांनी एक छोटीशी भाषाच तयार केली. इंग्रजी अक्षरं, शब्द मराठी. जर, नाहीतर, थांब, पुन्हा. मेकॅनिकनं "जर ताप पंच्याण्णवच्या वर तर थांब" असं लिहायचं आणि शिकलगारांच्या कंपायलरनं त्याचे आकडे करून द्यायचे. लिहिलेलं वाचून समजून घेणारा पुढचा भाग, त्याला ते सोपा म्हणायचे, घराच्या पुढच्या पडवीसारखा. समजल्यावर आकडे बनवणारा मागचा भाग, ते परडं. सोप्यात कुणीही यावं, बसावं, बदल करावेत. परड्यात शिकलगारांशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही.

आणि मला नेमकं परडं साफ करायलाच नेमलं होतं! मालक मगदूमसाहेबांनी ते मला सांगितलं होतं, शिकलगारांना सांगायचं टाळलं होतं. मालकांचं हे नेहमीचंच.

माणूस म्हणाल तर किडकिडीत, पन्नाशी ओलांडलेला, करड्या रंगाचा डगला. त्याच्या वरच्या खिशात चार पेन्सिली आणि त्यातली एकही दोन इंचांपेक्षा मोठी नाही. घराण्याचा धंदा सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्याचा. हे मात्र पोरवयातच रेडिओदुरुस्तीत शिरले आणि तिथून चिपपर्यंत आले. शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी शिकले ते चिपबरोबर आलेल्या पुस्तकातून. त्यामुळे इंग्रजीत त्यांना नुसते हुकूम सोडता येत. एकदा मद्रासचे कुणी साहेब आले आणि मगदूमसाहेब जाग्यावर नव्हते. शिकलगारांनी खुर्ची पुढे केली, "वेट" म्हणाले, मग घड्याळाकडे बोट दाखवून "रिटर्न" म्हणाले. साहेबांना वाटलं आपल्याला परत जायला सांगतायत. ते गेले की निघून! पार रंकाळ्याच्या तळ्यापर्यंत माणूस पाठवून शोधून आणावे लागले.

चिपच्या पोटात सात कप्पे असतात, हिशेबापुरते आकडे ठेवायला. पुस्तकात त्यांची नावं ए, बी, सी, डी, ई, एच, एल. शिकलगारांच्या लेखी ती आक्का, बाबू, चंदू, दगडू, येसू, हौसा आणि लक्ष्मी. चिपमधली बेरीज-वजाबाकी सगळी ए मधूनच होते, म्हणून ती आक्का. "घरातलं समदं काम आक्काच्या हातनं. ती मोकळी न्हाय तर घर उपाशी." हौसा आणि लक्ष्मी कायम जोडीनं जायच्या, मेमरीतला पत्ता सांगायला. प्रोग्रॅमच्या कागदावर ते कडेला टिपणं लिहीत, तीही अशीच. "हितं आक्का बसली हाय, उठवू नये." "दगडू रिकामा हाय, वापरा." आणि काही चुकलं की मोठ्यानं ओरडायचे. एकदा मगदूमसाहेबांच्या मातोश्री नव्या यंत्राला नारळ फोडायला आल्या होत्या. तेवढ्यात आतून आवाज आला, "आरं, दगडूला कुणी मारला? आणि येसूच्या जागी ही हौसा कशी काय निजली?" म्हातारी नारळ तसाच हातात घेऊन गाडीत जाऊन बसली.

टेबलावरची त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. जागेवरून उठताना हातातलं काम आधी टेबलावर रचून ठेवायचे. खाली कागद, त्यावर वही, वहीवर चष्म्याची डबी, डबीवर पेन्सिल. शुक्रवारी नमाजाला जातानाही तेच. परत आले की बरोबर उलट्या क्रमानं एकेक उचलायचे. पेन्सिल उचलली की पेन्सिलीनं काय करत होतो ते आठवायचं, वही उचलली की वहीतलं. मी एकदा मेली उत्सुकता म्हणून डबी आणि पेन्सिल यांची अदलाबदल केली. दुपारभर माणूस सैरभैर! संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, काय तरी इसरलोय बगा सकाळपास्नं, कायच सुदरंना." मला इतकं वाईट वाटलं की कबूल करायचीही हिंमत झाली नाही. ती मी आज करतेय.

परड्यात पाय ठेवायला मला सात महिने लागले. आधी त्यांनी मला सोपा झाडायला दिला. मग परडं लांबून दाखवलं, म्हणजे कागदावर छापून. घड्या घातलेला लांबलचक कागद त्यांनी टेबलापासून दारापर्यंत पसरला आणि कडेकडेनं चालत मला सांगत गेले. अकरा वर्षांचं काम होतं. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक खोली वाढवलेली, प्रत्येक खोलीला एक चोरदार. इथून तिथे उडी, तिथून परत इथे. मी म्हटलं, "शिकलगार, हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार?" तर छाती फुगवून म्हणाले, "कुणालाच न्हाय!" त्यांना वाटलं मी कौतुक केलं.

त्यांच्या परड्यातला एक नियम मात्र मला पहिल्यापासून खटकत होता. प्रोग्रॅम चालू असताना एखादं ठरावीक काम करायचं असलं, समजा ताप मोजायचा असला, तर त्यासाठी वेगळा लिहून ठेवलेला तुकडा बोलवायचा. त्या तुकड्याला शिकलगार पावणा म्हणायचे, म्हणजे पाहुणा. आता पावणा आला की तोही बाबू, चंदू, हौसा वगैरे कप्पे वापरणार. मग त्यांत आधीपासून ठेवलेले आपले आकडे कुणी सांभाळायचे? शिकलगारांचा नियम असा, की पावणा यायच्या आधी घरच्यांनी आपलं सामान उचलून आत ठेवायचं आणि तो गेला की परत मांडायचं. पावण्यानं काय पण वापरावं, कसं पण टाकून जावं. त्याला बोलायचं नाही.

हा नियम कुठून आला ते मला ईदेच्या दिवशी कळलं. बिंदू चौकाच्या मागच्या बोळात त्यांचं घर. जेवायला बोलावलं होतं. जेवण काय विचारता! शिरखुर्म्याची तिसरी वाटी मी कशी संपवली ते माझं मला माहीत. आणि संपवून, सवयीप्रमाणे, ताट उचलून निघाले मागच्या नळाकडे. मी मूळची नेसरीची, पण शिकले धारवाडला वसतिगृहात. सहा वर्षं आपलं ताट आपण धुतलेलं. उठले की ताट हातात येतंच. त्यांच्या बायको, जैबूनभाभी, किंचाळल्याच. "अगं बाई, अगं बाई, काय करतीस हे!" करत माझ्या हातातलं ताट ओढायला लागल्या. मीही सोडेना. आमची ओढाताण बघायला शेजारणी भिंतीवरून डोकावल्या. शेवटी शिकलगार आले आणि अगदी पडेल आवाजात म्हणाले, "बाई, माझ्या घरात पावण्यानं ताट उचलल्यालं आजवर झाल्यालं न्हाय. आज ईदेचं तरी करू नका." त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मी ताट सोडलं. दोन दिवस मला सगळ्यांनी टोमणे मारले, आणि शिकलगारांनी सगळ्यात जास्त.

अशात इचलकरंजीचं काम आलं. तिथल्या एका सायझिंगच्या कारखान्यात, म्हणजे जिथे मागावर चढवायच्या सुताला खळ लावून वाळवतात तिथे, आमची पेटी बसवायची होती. सुताची लांबी मोजायची, वाळवायच्या सिलिंडरचा ताप सांभाळायचा, ठरलेले मीटर झाले की थांबायचं. सगळं लिहून झालं, कंपायलरनं आकडे काढून दिले आणि ते चिपच्या मेमरीत मावेनात. थोडेथोडके नव्हे, चांगले साडेतीनशे आकडे जास्त.

मगदूमसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. पुण्याहून एक माणूस येऊन त्यांना तयार कंपायलर दाखवून गेला होता. त्याच्या रंगीत कागदाची घडी साहेबांच्या टेबलावरच होती. साहेब म्हणाले, "शिकलगार, दिवाळीपर्यंत बसवा. बसलं तर तुमचं परडं राहील. नाहीतर मी ते बुजवतो आणि हा बाहेरचा घेतो. तुम्ही मग दुरुस्ती विभागात बसा निवांत."

 बाहेर येऊन शिकलगारांनी टेबलावरचं सगळं रचलं, कागद, वही, डबी, पेन्सिल. पण गेले कुठेच नाहीत. त्या ढिगाकडे बघत तिथेच उभे राहिले. अकरा वर्षं ह्या माणसानं दुसरं काही केलं नव्हतं. 

मी दोन दिवस मोजदाद केली आणि त्यांच्यापुढे कागद ठेवला. एकूण बासष्ट ठिकाणी पावणे बोलावलेले. बासष्ट ठिकाणी सामान आत ठेवायचे तीन आकडे आणि परत मांडायचे तीन. म्हणजे नुसत्या आवराआवरीत तीनशे बहात्तर आकडे. मी म्हटलं, "शिकलगार, पावणे मोजून आठ आहेत. बासष्ट घरांनी आवरण्यापेक्षा ह्या आठ जणांनी येताना जसं होतं तसं जाताना लावून जायचं, एवढंच शिकवू. पुष्कळ जागा वाचेल. बाकीची मी चोरदारं बुजवून काढते."

त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाले, "म्हंजे पावण्यानं ताट धुवायचं."

"हो."

"माझ्या परड्यात."

"हो, शिकलगार."

"ईदेपास्नं डोक्यात ठिवल्यालं दिसतंय तुमी."

आणि उठून गेले. आठवडाभर अबोला. मी चहा पाठवला की तसाच परत यायचा. काही विचारलं तर भिंतीकडे बघून उत्तर द्यायचे. मीही काही कमी नाही, मीही भिंतीलाच सांगत होते. सोमवारी सकाळी त्यांनी माझ्या टेबलावर परड्याची मूळ फ्लॉपी आणून ठेवली. अकरा वर्षांत ती त्यांच्या कुलपाबाहेर पडली नव्हती. म्हणाले, "करा काय करायचं त्ये. पावण्यास्नी मातर मी सांगनार. माझी पावणी हाईत ती. परक्यानं सांगितल्यालं त्यास्नी बरं वाटायचं न्हाय."

वाटणी ठरली. परडं मी झाडायचं, आठ पावण्यांना शिस्त शिकलगारांनी लावायची. सहा आठवडे मी परड्यात होते. खोल्या पाडल्या, चोरदारं बुजवली, एकच काम सात ठिकाणी केलेलं होतं ते एका ठिकाणी आणलं. शिकलगार माझ्यामागे उभे राहत नसत, पण दर अर्ध्या तासानं पेन्सिल शोधायच्या निमित्तानं येत. "ते दार बुजवलं व्हय? बुजवा. सोळंकीच्या पिठाच्या गिरणीसाठी काढल्यालं. सोळंकी पण गेला आता." कधी मी एखादी खोली पाडताना "ऱ्हाऊ द्या की एवढी" म्हणून बघायचे. मी ठेवली नाही एकही. आज वाटतं, एखादी ठेवायला हवी होती.

आकडे मावले! टेबलावर पेटी ठेवून आम्ही सगळं चालवून पाहिलं. लांबी मोजतेय, थांबतेय, पुन्हा सुरू होतेय. मगदूमसाहेबांनी पेढे मागवले. मी म्हटलं, थांबा, इचलकरंजी होऊ दे. पण पेढे आले आणि खाल्ले.

इचलकरंजीला साहेब, शिकलगार आणि मी असे तिघं गेलो. तिथल्या फोरमनचं नाव खोत. आवाज असा की शंभर माग चालू असले तरी ऐकू यावा. पेटी बसवली, सिलिंडर तापले, सूत धावायला लागलं. एक, दोन, दहा, चाळीस मीटर. सगळे खुशीत. मग सिलिंडर पुरते तापले, पेटी ताप मोजायला लागली आणि लांबीचा आकडा चौऱ्याण्णववर जाऊन बसला. सूत धावतंय, रूळ भरतोय, आकडा चौऱ्याण्णव. क्षणभर पंच्याण्णव व्हायचा आणि परत चौऱ्याण्णव.

खोत ओरडले, "ओ पावणं, मीटरला ताप आलाय का काय तुमच्या? हलंना की जाग्यावरनं!"

त्यांनी गमतीत म्हटलं, पण खरं तेच होतं. चौऱ्याण्णव हा सिलिंडरचा ताप होता. लांबी बाबू-चंदूच्या कप्प्यात ठेवलेली. ताप मोजणारा पावणा येत होता, बाबू-चंदू वापरत होता आणि आपला आकडा तिथेच टाकून जात होता. घरच्यांनी आवरलं नव्हतं, कारण आता पावणे आवरतात असं ठरलेलं.

 मला वाटलं, परडं पाडताना माझ्याच हातून काहीतरी निसटलं. साहेबांनाही तेच वाटलं. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "देसाईबाई, अकरा वर्षं चाललेल्या परड्यात हात घातलात, आता भोगा. शिकलगार, उद्या पुण्याला फोन करायचा."

शिकलगारांनी चष्मा काढून डगल्याला पुसला. डोळ्यांवर चढवला. परत काढून पुसला. ते गप्प बसले असते तरी चाललं असतं. सगळा दोष माझ्या डोक्यावर आलेलाच होता. मग म्हणाले, "साहेब, बाईंकडनं कायबी चुकल्यालं न्हाय. चूक माझी हाय."

"तुमची? तुम्ही तर परड्यात गेलाच नाहीत."

"पावण्यास्नी सांगायचं काम माझ्याकडं हुतं. सात जणास्नी सांगितलं. ह्येला न्हाय सांगितलं."

"का? राहून गेलं?"

"ऱ्हायलं न्हाय. सांगितलंच न्हाय." त्यांनी मान खाली घातली. "त्यो जावई हाय."

 ताप मोजायचा तुकडा हे शिकलगारांनी आयुष्यात लिहिलेलं पहिलं काम. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात पुरं झालेलं. कडेला त्यांनी टिपण लिहिलं होतं, "हा जावई. याला काही सांगू नये." सात पावण्यांना ताट धुवायला शिकवून ते ह्या आठव्यापाशी आले आणि त्यांचा हात चालेना. टेबलावर ही चूक दिसली नाही, कारण तिथे तापमापीच जोडलेली नव्हती. मोजायला काही नाही म्हणून जावई कशालाही हात न लावता पहिल्या दारातून परत जात होता.

"जावयाला सांगायचं कसं, साहेब?" शिकलगार म्हणाले.  सूत भरायच्या त्या शेडमध्ये कुणीही हसलं नाही. हसले एकटे खोत, पण तेही प्रेमानं. म्हणाले, "व्हय की! खरं हाय त्येचं. मला बी जमलं नसतं."

मगदूमसाहेबांनी शिकलगारांकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत जावयाला सांगा. नाहीतर मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकलगारांनी ते काम माझ्यासमोर बसून केलं. जावई तीन वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडायचा, त्याला आधी एकाच दारानं जायची शिस्त लावली. मग येताना काय उचलायचं आणि जाताना काय मांडायचं ते लिहिलं. सगळं मिळून एकोणीस आकड्यांची जागा उरली. शेवटी कडेचं जुनं टिपण खोडलं आणि नवं लिहिलं, "आता हा पण धुतो." लिहून झाल्यावर पेन्सिल ठेवली आणि मला म्हणाले, "बाई, जैबूनला सांगू नका."

दुपारी इचलकरंजीत रूळ बरोबर ठरलेल्या मीटरला थांबला. साहेबांच्या टेबलावरचा रंगीत कागद पुढे कित्येक दिवस डब्याखाली घालायला वापरात होता.

त्यानंतर दोन वर्षांनी शिकलगार निवृत्त झाले. परडं माझ्याकडे आलं. जाताना त्यांनी कुलूप दिलं, किल्ली दिली, पेन्सिलींचे तुकडेसुद्धा दिले. "आता बदला काय बदलायचं त्ये," म्हणाले. मी पुष्कळ बदललं. नवी चिप आली तेव्हा परडं पंधरा दिवसांत तिच्यावर उतरवता आलं. कप्प्यांची नावं मात्र मी तशीच ठेवली. नव्या चिपला दोन कप्पे जास्त होते. त्यांना मी दस्तगीर आणि जैबून अशी नावं दिली, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

एकदाच परत आले. डगल्याऐवजी पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. एरवी मागच्या शेडमध्ये सायकल लावून मागच्या दारानं यायचे, त्या दिवशी पुढच्या दारानं आले आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चहा आला. नातवाबद्दल बोलले, गुडघ्याबद्दल बोलले. परड्याबद्दल एक शब्द नाही. मीच विचारलं, "दाखवू का?" तर म्हणाले, "नगं. बरं असंल की."

चहा संपला. कप घेऊन उठले आणि चालायला लागले मागच्या दाराकडे. मला आधी कळेचना. मग नळाचा आवाज आला. मी धावत गेले. शिकलगार वाकून, गुडघा धरून, कप विसळत होते.

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी ओरडलेच, "शिकलगार, ठेवा तो कप! तुम्ही काय इथले पावणे आहात?"

त्यांनी कप उपडा घातला, बशी त्याच्यावर टेकवली, जशी ती रोज असायची अगदी तशी. ओले हात शर्टाला पुसले.

"पावणा न्हाय तर काय जावई हाय, बाई? आणि असलो तरी काय," ते हसत म्हणाले, "आता जावई पण धुतोय की."

मग आले होते त्याच दारानं, पुढच्या, बाहेर पडले. मी दारात उभी राहून पाहत होते. ते वळले नाहीत. कोपऱ्यावर थांबून त्यांनी टोपी नीट केली आणि बिंदू चौकाकडे चालायला लागले.